काटा अडतो तेव्हा

आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाची उपासना आटोपली की आवारात भाज्या, नारळ, केळीचे घड यांचा लिलाव होतो आणि मग चहा. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी एका वडील भगिनीपुढे केकची बशी आली. त्यांना लहानथोर सारेच अक्का म्हणतात. अक्कांनी बशी हाताने मागे सारली व म्हणाल्या, "नको बाई. तीन महिने झाले, रोज चालतेय, भातसुद्धा अर्धा केलाय. पण काटा एवढासादेखील हलत नाही." मी जवळच उभा होतो. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे चारचौघांत बोलून दाखवण्याची खोड जिभेला लागलेली. मी म्हटले, "अक्का, काटा खोटे बोलत नाही. हात कुठेतरी डब्यात जात असणार!" सगळे हसले. अक्काही हसल्या.

त्या दिवसानंतर उपासना संपताच अक्का घरी जाऊ लागल्या. चहाला थांबेनाशा झाल्या. ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नाही. ती ध्यानात आणून दिली माझ्या स्वतःच्या काट्याने, आणि तीही दीड वर्षानंतर. प्रिय वाचकहो, वजनाचा काटा हा काय मंडळीच्या मासिकातला विषय आहे, असे आपणास वाटेल. पण मनुष्य प्रामाणिकपणे श्रम करीत असता त्याला फळ दिसेनासे झाले, तर त्याने काय करावे, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या आपण काय करावे, हा प्रश्न विश्वासाच्या जीवनातलाही आहे. मला तो काट्यावर भेटला, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

माझी पाळी

डॉक्टरांनी माझ्या रक्तातील साखर पाहिली आणि सांगितले, "सर, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या वाढतील." त्या वेळी माझे वजन ८८ किलो होते आणि उंची साडेपाच फूट. मी दुसऱ्याच दिवशी पहाटे टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाऊ लागलो. पाच किलोमीटर, पंचावन्न मिनिटे; पाऊस असला तर छत्री घेऊन. साखर सोडली, रात्रीचा भात सोडला. चार महिन्यांत काटा ८८ वरून ८१ वर आला. मंडळीत कौतुक झाले. पाळकसाहेबांनी तर इंद्रियदमनाचे उदाहरण म्हणून एकदा माझ्याकडे बोट दाखवले. मला ते आवडले, हे कबूल केले पाहिजे.

आणि मग काटा थांबला. दर शनिवारी सकाळी मी वही उघडून बसे व आकडा लिही: ८१, ८१, ८१. कधी ८१.३, कधी ८०.८, पुन्हा ८१. असे दहा आठवडे गेले. चालणे तेच होते, जेवणही तेच होते, मग फळ का थांबले?

अशा वेळी मनुष्यापुढे तीन मोह उभे राहतात. पहिला निराशेचा: आपल्याच्याने होत नाही, सोडून द्यावे. दुसरा आरोपाचा: कोणीतरी दोषी असले पाहिजे, मग ती स्वयंपाक करणारी पत्नी असो, काटा विकणारा दुकानदार असो, की आपला अनुवंश असो. तिसरा मोह धार्मिक माणसाला अधिक भुलवतो. तो म्हणतो, तू पुरेसा कठोर झाला नाहीस, आणखी कठोर हो. मी तिसऱ्याला बळी पडलो. रात्रीचे जेवण बंद केले आणि पाच किलोमीटरांचे सात केले. चाल मात्र तीच, वाटही तीच. बाराव्या दिवशी फिरता फिरता डोळ्यांपुढे अंधारी आली व मी एका बाकावर बसून राहिलो. साखरेच्या गोळ्या पोटात आणि पोट रिकामे! डॉक्टरांनी चांगलेच खडसावले. "सर, शरीराला शिक्षा करण्यापेक्षा ते काय करतेय ते समजून घ्या," एवढे बोलून त्यांनी मला अर्धा तास बसवून समजावले. पुढे मीही मिळेल ते वाचले. त्यातले जे उमगले ते सांगतो.

शरीर काटकसरी कारभारी आहे

पहिल्या काही आठवड्यांत वजन भराभर उतरते, त्यातला बराच भाग पाण्याचा असतो. यकृतात व स्नायूंत साखरेचा जो साठा असतो तो आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. खाणे कमी झाले की तो साठा आटतो व त्याबरोबर पाणीही जाते. तेव्हा सुरुवातीचा वेग हा खऱ्या कमाईचा वेग नव्हेच.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. ८८ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालतो तेव्हा ८८ किलोचे ओझे वाहतो. तोच ८१ किलोचा झाला की ओझे सुमारे बाराव्या हिश्शाने हलके होते, आणि त्याच वाटेवरचा खर्चही जवळजवळ तेवढाच कमी होतो. मी म्हणत होतो की माझा व्यायाम तोच आहे. खरे पाहता तो तोच राहिला नव्हता. वाट तीच होती, पण श्रम घटले होते.

तिसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. अन्न कमी पडू लागले की शरीर आपला खर्च आवरते, आणि वजन घटल्यामुळे जेवढा घटावा त्याहूनही अधिक आवरते. याचा एक मोठा दाखला आपल्याच विश्वासातील माणसांनी देऊन ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील अनेक तरुणांनी ख्रिस्ती विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला. त्यांत क्वेकर, मेनोनाइट व ब्रेदरन या शांततावादी मंडळ्यांतील बरेच होते. त्यांना नागरी सेवेची कामे देण्यात आली. युरोपात लाखो लोक उपासमारीने खंगत होते. त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कोणासच नीट ठाऊक नव्हते. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठातील शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या प्रयोगासाठी अशा ३६ तरुणांनी १९४४ च्या अखेरीस स्वतःचे देह देऊ केले. १९४५ साली २४ आठवडे त्यांना रोज सुमारे १,५७० उष्मांकांचेच अन्न मिळाले. त्याआधी ते याच्या दुप्पट खात होते. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते.

त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. पण आरंभी ते झपाट्याने उतरले आणि पुढे पुढे मंदावत गेले. नाडी संथ झाली, उन्हाळ्यातही अंगात थंडी भरू लागली, आणि विश्रांतीत असता शरीर जेवढी शक्ती खर्चते ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. कित्येकांच्या पायांवर सूज आली. मनेही बदलली. सुस्वभावी तरुण चिडखोर झाले, अन्नावाचून दुसरे काही सुचेनासे झाले, पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. हे दुबळ्या मनाचे लोक नव्हते. तत्त्वासाठी जगाचा उपहास सोसून, भुकेल्यांच्या कल्याणासाठी ते स्वखुशीने उपाशी राहिले होते. त्यांच्या निष्ठेविषयी कोण शंका घेईल? तरीही त्यांच्या शरीराने तेच केले जे माझ्या शरीराने थोड्या प्रमाणात केले. दुष्काळात घरचा शहाणा कारभारी कणगीतले धान्य जपून काढतो, तसे त्याने केले. देवाने देहात घातलेली ही राखण आहे. तिच्यामुळेच आपले पूर्वज दुष्काळांतून तगले. मी मात्र त्या राखणदाराला शत्रू समजून त्याच्याशी भांडत होतो.

याहून अलीकडची एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक दूरदर्शन कार्यक्रम फार गाजला. त्यातील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे शरीर विश्रांतीत असता अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमीच खर्चत होते. बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते. पुढील वर्षी त्याच गटाविषयी आणखी एक माहिती आली: ज्यांनी उतरलेले वजन राखले होते, त्यांनी आपली रोजची हालचाल इतरांपेक्षा कितीतरी अधिक वाढवलेली होती.

दोन तराजू

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, सुटलो! दोष शरीराचा, माझा नव्हे. मलाही तसेच वाटले होते. पण सत्य इतके सोयीचे नसते. दोन शास्त्रीय प्रयोगांची हकीकत मी येथे शेजारी शेजारी ठेवतो. माझ्या मते या विषयातला नैतिक धडा त्या दोहोंच्या मध्ये आहे.

पहिला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. जेम्स लेव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १,००० उष्मांक जास्त खाऊ घातले. सर्वांवर सारखी देखरेख होती. सर्वांच्या अंगावर सारखीच चरबी चढावयास हवी होती. प्रत्यक्षात एकाच्या अंगावर चढली अर्धा किलोहूनही कमी आणि दुसऱ्याच्या अंगावर चार किलोंहून जास्त! फरक मुख्यतः कशाने पडला? व्यायामाने नव्हे. उठणे, बसणे, येरझाऱ्या घालणे, चुळबूळ करणे, अशा नकळत होणाऱ्या हालचाली काहींच्या आपोआप वाढल्या, काहींच्या वाढल्या नाहीत. म्हणजे दोघे एकाच ताटात जेवले तरी एकाचा देह दुसऱ्यासारखा वागेलच असे नाही. शेजारणीच्या देहाकडे पाहून तिच्या मनाचा निकाल देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रयोग १९९२ सालचा. काही केल्या आपले वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या दहा जणांचे खाणे व श्रम अचूक साधनांनी मोजण्यात आले. त्यांच्या शरीराचा खर्च त्यांच्या देहमानाला साजेसाच निघाला. मात्र ते सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्षातील खाणे जवळजवळ दुप्पट होते, आणि व्यायाम सांगत होते त्यापेक्षा बराच कमी. ही माणसे लबाड नव्हती. त्यांची स्वतःची खात्री होती की आपण कमीच खातो. मनुष्याचे मन स्वतःला अनुकूल असाच हिशेब ठेवते, एवढाच त्याचा अर्थ.

मी एक आठवडा तोंडात गेलेला प्रत्येक घास व घोट लिहून काढला. रोज तीन चहा घेतो अशी माझी समजूत होती, निघाले सहा. फिरून झाल्यावर मित्रांबरोबर हॉटेलात इडली-वडा होई. तो मी खाण्यात धरतच नव्हतो. ते माझ्या मते फिरण्याचे बक्षीस होते. आणि पहाटे पंचावन्न मिनिटे चाललो या पुण्याईवर उरलेला सारा दिवस मी आरामखुर्चीत काढीत होतो. अक्कांना मी म्हटले होते, हात डब्यात जात असणार. डबा माझ्याच हाताशी होता.

आता पाहा, या दोन तराजूंचा आपण कसा उलटा उपयोग करतो! दुसऱ्याला तोलताना म्हणतो, हा खात असणार. स्वतःला तोलताना म्हणतो, माझी प्रकृतीच तशी आहे. ख्रिस्ताची शिकवण याच्या बरोबर उलट आहे. शेजाऱ्याविषयी विचार करताना पहिला प्रयोग आठवावा आणि स्वतःचा हिशेब घेताना दुसरा. कुसळ आणि मुसळ यांविषयी प्रभूने जे शिकवले ते आपणा सर्वांना पाठ आहे. ते वजनकाट्यालाही लागू पडते हे मला साठी उलटल्यावर कळले.

सवयीची भक्ती

येथून पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हिशेब सुधारला, इडली-वडा आठवड्यातून एकदाच ठेवला. पण डॉक्टरांनी सांगितले की चालण्याची पद्धतही बदलली पाहिजे. आणि मला काय वाटले सांगू? मला राग आला. ती वाट माझी होती. ती झाडे, तो बाक, ते सोबती, तो पंचावन्न मिनिटांचा हिशेब माझा होता. मी वजन उतरवण्यासाठी चालू लागलो होतो, पण पुढे पुढे चालण्यासाठीच चालत होतो, आणि खरे सांगायचे तर "मी रोज चालतो" असे म्हणता यावे म्हणून चालत होतो.

लूकाच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला आपण बालपणापासून ऐकतो. तो परूशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करीत होता आणि खरोखरच दशमांश देत होता. बिघाड उपासात नव्हता. उपास हा देवाकडे नेणारा रस्ता आहे हे विसरून तो रस्त्यातच पाट मांडून बसला होता, आणि तेथे बसून शेजाऱ्याला मोजीत होता. माझी वही उघडी टाकून मी त्या शनिवारी विचार करू लागलो तेव्हा मला त्याचीच आठवण झाली. मीही मोजीत होतो.

मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी १७४७ साली सामान्य लोकांसाठी घरगुती औषधोपचारांचे एक पुस्तक लिहिले. त्यात व्यायामावर मोठा भर आहे: ज्याला झेपेल त्याने चालावे, ज्याला चालणे झेपत नाही त्याने घोड्यावर बसावे, असा त्यांचा सल्ला. ते स्वतः सुवार्तेसाठी हजारो मैल घोड्यावरून फिरले. पुढे प्रकृतीने ते जमेना तेव्हा ते गाडीतून प्रवास करू लागले. लंडनमधील त्यांच्या घरी लाकडी चौकटीची व स्प्रिंगांची एक खुर्ची आजही दाखवतात. तिच्यावर बसून वरखाली हिंदकळले की घरच्या घरी घोडेस्वारीचा व्यायाम होई. मला ती खुर्ची फार बोलकी वाटते. त्या गृहस्थाने व्यायाम सोडला नाही आणि घोड्यालाही कवटाळून बसला नाही. त्याला हेतू ठाऊक होता, म्हणून साधन बदलताना त्याला अपमान वाटला नाही.

मग मी काय बदलले? वाट तीच ठेवली, चाल बदलली. जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. मध्यमवयीन व वृद्ध अशा २४६ जणांपैकी काहींना पाच महिने नेहमीच्या मध्यम चालीने चालवले आणि काहींना तीन मिनिटे भरभर व तीन मिनिटे सावकाश, असे किमान पाच फेरे, आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस. भरभर म्हणजे धाप लागेल, बोलणे तुटक होईल इतपत. या दुसऱ्या गटातील लोकांच्या मांड्यांचे बळ वाढले, दम वाढला, रक्तदाबही अधिक उतरला. एका चालीने चालणाऱ्यांत तसा फरक फारसा दिसला नाही. हा अभ्यास वजनाचा नव्हता. तरी सरावलेल्या शरीराला नव्याने हाक कशी द्यावी हे त्यातून समजते.

दुसरा बदल स्नायूंसाठी. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि उतारवयात ते तसेही झिजत असतात. आपणा भारतीयांना तर हे अधिक जपले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच उदाहरणे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! काटा दोघांना सारखाच म्हणत होता. म्हणजे काटा खोटे बोलत नसला तरी सगळे सांगतही नाही. मी आठवड्यातून तीन दिवस खुर्चीचा आधार घेऊन उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर करणे, असे सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांबरोबर निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. तिसरा बदल सर्वांत साधा: दर तासाला खुर्चीतून उठणे, आणि रात्री जेवणानंतर पत्नीबरोबर वीस मिनिटे फिरणे. "अहो, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच जेवणानंतर वर्तमानपत्र खाली ठेवलेत," असे ती म्हणाली. (ज्यांना साखरेच्या गोळ्या वा हृदयाचा विकार आहे त्यांनी असे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. मी न विचारता उपास केला त्याचे फळ वर सांगितलेच आहे.)

पहिले तीन आठवडे काटा जागचा हलला नाही. पट्टा मात्र एक भोक आत गेला. चौथ्या आठवड्यापासून आकडा सावकाश उतरू लागला आणि पुढील पाच महिन्यांत ७७ वर आला. तेथे तो पुन्हा थांबला आहे. साखर आटोक्यात आहे, जिना चढताना धाप लागत नाही. डॉक्टर म्हणतात, असू द्या. मीही असू देतो. प्रत्येक थांबणे मोडून काढलेच पाहिजे असे नाही. काही थांबणी ही मुक्कामाची असतात, आणि ती ओळखणे हाही विवेकच.

धरसोड आणि बदल

एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. फळ दिसेना की पद्धत बदला, असे शिकवले तर चिकाटी कोठे राहिली? आज हा व्यायाम, उद्या तो. आज ही मंडळी, उद्या ती. याला धरसोड म्हणतात. मी याचे उत्तर असे देतो. धरसोड करणारा श्रमाला कंटाळून बदलतो, आणि नेहमी सोप्याकडे वळतो. खरा बदल हेतूसाठी होतो, आणि बहुधा सवयीपेक्षा अवघड असतो. आपला बदल कोणत्या जातीचा आहे हे ओळखावयाचे असेल तर एवढेच विचारावे: मी बदलण्यापूर्वी प्रामाणिकपणे हिशेब घेतला काय? पुरेसे थांबलो काय? आणि या बदलाने माझी आरामखुर्ची हलली काय? प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीस लिहिताना स्वतःची तुलना धावणाऱ्याशी व मुष्टियोद्ध्याशी करतो, आणि दोघांच्याही श्रमांना नेम असला पाहिजे असे बजावतो. नेम कायम ठेवून पाऊल बदलणे ही चिकाटीच होय.

आत्मिक जीवनातही काटा अडतो. रोजची प्रार्थना त्याच शब्दांत, त्याच वेळी चालू असते. शास्त्रवाचनाचे अध्याय नेमाने पुरे होतात. पण अंतःकरण वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर असते. तोच राग, तीच अढी, तोच भाऊबंदांशी अबोला. आरंभी ज्या प्रार्थनेला जड ओझे उचलावे लागत होते तिला आता काही उचलावेच लागत नाही. अशा वेळी प्रार्थना लांबवून उपयोग नसतो. कदाचित ज्याच्यासाठी आजवर प्रार्थना केली नाही त्याचे नाव घ्यावे लागते. कदाचित गुडघ्यांवरून उठून कोणाच्या तरी दारापर्यंत चालत जावे लागते.

येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. शरीराच्या व्यायामाचा उपयोग थोडा आहे आणि सुभक्तीचा सर्व बाबतींत, असे पौलाने तीमथ्याला कळवले. शरीराचे वजन आपल्या श्रमांनी थोडेफार उतरते. आपले तारण मात्र श्रमांनी होत नाही, ते कृपेने होते. देवाच्या तराजूत आपण कमी भरतो हे खरेच, पण तेथे आपल्या बाजूने दुसऱ्या कोणी आपले वजन टाकले आहे. म्हणूनच काटा अडला तरी ख्रिस्ती मनुष्याला घाबरण्याचे कारण नाही. आकडा हा त्याच्यावरचा निकाल नव्हे. तो त्याला विचारलेला प्रश्न आहे. निकालापुढे माणूस खचतो, प्रश्नापुढे विचार करू लागतो.

मला एका दारापर्यंत चालत जावयाचे होते. एका संध्याकाळी आम्ही दोघे अक्कांच्या घरी गेलो. हंगामाच्या सणाच्या दिवशी मी काय बोललो ते त्यांना सांगितले आणि क्षमा मागितली. मला वाटले होते त्या विसरल्या असतील. त्या विसरल्या नव्हत्या. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मी त्याच आठवड्यात चालायचं सोडलं. म्हटलं, लोक हेच समजणार, तर चालू तरी कशाला?"

माझ्या दहा आठवड्यांच्या अडलेल्या काट्याने मला जेवढे शिकवले नाही तेवढे त्या एका वाक्याने शिकवले. त्यांचे गुडघे दुखत, थायरॉइडची गोळी चालू होती, अंथरुणाला खिळलेल्या यजमानांची सेवा करून त्या पहाटे चालत होत्या, आणि मी त्यांच्या पायांत शब्द टाकला होता. माझा काटा अडला तेव्हा लोकांनी माझे सांत्वन केले. त्यांचा अडला तेव्हा मी त्यांना हसलो.

आता त्या पुन्हा चालतात. सकाळी माझ्या पत्नीबरोबर. तीन मिनिटे जरा भरभर, तीन मिनिटे सावकाश, गुडघे म्हणतील तितके. वजन उतरले की नाही हे मी विचारलेले नाही, आणि विचारणार नाही. गेल्या महिन्यात उपासनेनंतर त्या चहाला थांबल्या. एवढे मी माझ्या शनिवारच्या वहीत लिहून ठेवले आहे.